दोन ऑफर हातात असताना: आधी काय मोजायचं, पेपर (राजीनामा) कधी टाकायचे

“मावशी, दोन लाख चाळीस हजारांचा फरक आहे गं वर्षाला. म्हणजे महिन्याला वीस हजार. यात विचार काय करायचा?”

माझा भाचा ठाण्याशेजारी कळव्याला राहतो. त्याच्या हातात दोन ऑफर होत्या. एक ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या जुन्या, मशीनचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीची, सीटीसी (कंपनीला वर्षाला पडणारा तुमचा एकूण खर्च) ६ लाख ६० हजार. दुसरी नवी मुंबईतल्या महाप्याच्या एका तीन वर्षांच्या सॉफ्टवेअर कंपनीची, सीटीसी ९ लाख. मी नौपाड्यातल्या एका छोट्या ऑफिसात बसून दहा-बारा कंपन्यांची पगारपत्रकं करते, म्हणून तो विचारायला आला होता. खरं तर विचारायला नाही, होकार घ्यायलाच. मी त्याला दोन्ही लेटर टेबलावर ठेवायला सांगितली आणि कॅल्क्युलेटर काढला. अर्ध्या तासात वीस हजारांचे साडेपाच झाले.

माझ्याकडे येणारे बहुतेक जण एकाच जागी चुकतात. आधी मन एका ऑफरवर बसतं, मग आकडे त्याच्या बाजूने लावले जातात. म्हणून खालचा क्रम मोडू नका. पहिल्या टप्प्याला तर ऑफर लेटर लागतही नाही.

## १. आधी घरचे दोन आकडे काढा

एका कागदावर महिन्याचा न टाळता येणारा खर्च लिहा. घराचा हप्ता किंवा भाडं, किराणा, वीज-गॅस, मुलांची फी, आई-वडिलांची औषधं, प्रवास, विम्याचे हप्ते. हॉटेल, कपडे, गावी जाणं यात धरायचं नाही. भाच्याचा हा आकडा ३८,००० आला, त्यात १८,५०० नुसता घराचा हप्ता.

दुसरा आकडा, आठवड्याभरात हातात येऊ शकेल असा पैसा. बचत खातं आणि मोडता येणारी एफडी. भाच्याकडे दीड लाख. भागाकार केला तर चार महिनेही पूर्ण होत नाहीत. म्हणजे पगार थांबला तर घर जेमतेम चार महिने उभं राहतं.

इथे लोक सोनं धरतात आणि पीएफ धरतात. दोन्ही धरू नका. सोनं मोडायची वेळ आली की घरात जे होतं ते सगळ्यांना माहीत आहे. भावाकडून किंवा सासऱ्यांकडून मिळतील असे पैसेही धरायचे नाहीत, त्यांनी आपण होऊन सांगितलं असलं तरी.

तपासा: नवरा-बायको दोघं कमावत असाल तर हिशेब दोनदा करा, एकदा दुसरा पगार धरून आणि एकदा न धरता. दोन्ही पगार एकाच धंद्यातून येत असतील तर दुसरा हिशेबच खरा माना. मंदी आली की ती दोघांवर एकदम येते.

## २. सीटीसी फोडा

एचआरला मेल करून महिन्याचा ब्रेकअप, म्हणजे कुठल्या नावाने किती पैसे, तो मागा. फोनवर सांगितलेला चालत नाही. ब्रेकअप द्यायला टाळाटाळ करणारी कंपनी पुढे सॅलरी स्लिपलाही तेच करते, हा माझा अनुभव.

ब्रेकअप आला की त्यातून दर महिन्याला हातात न येणारं सगळं वजा करायचं. कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, मूळ पगाराच्या ४.८१ टक्के दाखवतात), मेडिक्लेमचा हप्ता, व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा, कमी-जास्त होणारा भाग), रिटेन्शन बोनस. उरलेल्याला १२ ने भागायचं. त्यातून आपला पीएफचा वाटा आणि व्यवसाय कर जातो. महाराष्ट्रात तो महिन्याला २०० रुपये असतो, फेब्रुवारीत ३००.

भाच्याचा हिशेब असा:

वागळे इस्टेट. मूळ पगार २७,५००. कंपनी पीएफ पूर्ण १२ टक्क्यांनी भरते, वर्षाला ३९,६००. ग्रॅच्युइटी सुमारे १५,९००, मेडिक्लेम ८,०००. उरले ५,९६,५००, महिन्याला ४९,७००. त्याचा पीएफ ३,३०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात ४६,२००.

महापे. मूळ पगार ३७,५००, पण पीएफ १५,००० च्या मर्यादेवरच भरतात, म्हणजे महिन्याला १,८००. व्हेरिएबल १,३५,०००. वर्षभर टिकलात तर मिळणारा रिटेन्शन बोनस ६०,०००. कंपनीचा पीएफ २१,६००, ग्रॅच्युइटी जवळपास तेवढीच, आई-वडिलांसकट मेडिक्लेम १८,०००. उरले ६,४३,८००, महिन्याला ५३,६५०. हातात ५१,६५०.

फरक ५,४५०.

शिवाय वागळेत दोघांचा मिळून ६,६०० पीएफ जमा होतो, महाप्यात ३,६००. तीन हजारांचा हा फरक स्लिपवर ठळक दिसत नाही, म्हणून हिशेबात कोणी घेत नाही. आयकराने इथे काही बदलत नाही, कारण २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर लागत नाही. तुमचे आकडे त्यावर जात असतील तर करही वजा करा.

सावधान: ग्रॅच्युइटी सीटीसीत दाखवली म्हणून मिळाली असं नाही. कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाल्याशिवाय ती हातात येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या कामगार संहितांप्रमाणे ठराविक मुदतीच्या करारावर असलेल्याला मात्र एका वर्षानंतर त्या प्रमाणात मिळते. दोन वर्षांत नोकरी बदलायचा विचार असेल तर कायम नोकरीच्या ऑफरमधून ही रक्कम सरळ खोडा.

व्हेरिएबलचं काय धरायचं? मी निम्मं धरते. आणि एचआरला एकच विचारायला लावते: “गेल्या वर्षी या टीमला किती टक्के मिळालं?” “तुमच्या परफॉर्मन्सवर अवलंबून आहे” असं उत्तर आलं तर शून्य धरा.

## ३. कंपनी तपासा, इमारत नको

वागळेची कंपनी जुनी, म्हणून स्थिर, असं भाच्याच्या वडिलांनी ठरवूनच टाकलं होतं. ठाणे-बेलापूर रोडने जाताना काचेच्या इमारती दिसतात ना, त्यातल्या कितीतरी एके काळच्या कारखान्यांच्या जागेवर आहेत. ते कारखानेही जुनेच होते. दुसरीकडे महाप्यातली सगळीच नवी ऑफिसं वर्षभरात गाशा गुंडाळतात असंही नाही. त्यामुळे वय सोडा, खालच्या गोष्टी बघा.

पीएफचा भरणा. सगळ्यात कामाची तपासणी हीच, आणि जवळजवळ कोणी करत नाही. ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साइटवर एस्टॅब्लिशमेंट सर्च आहे. कंपनीचं नाव टाकलं की तिची नोंद निघते आणि त्यात भरण्याचा तपशील उघडता येतो. कुठल्या महिन्याचा पीएफ कोणत्या तारखेला जमा झाला, किती रक्कम, किती कर्मचाऱ्यांचा, हे सगळं दिसतं. पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. तारखा २५, मग पुढची ४, मग दोन महिन्यांचा एकदम अशा सरकत असतील तर तिथे पैशाची ओढाताण आहे. पगार वेळेवर होत असला तरी आहे. धंद्यात चणचण आली की मालक आधी पीएफ थांबवतो, मग व्हेंडर थांबवतो, पगार सगळ्यात शेवटी. मी हे समोर बसून पाहिलंय.

कर्मचाऱ्यांचा आकडा निदान १८ महिन्यांचा खाली उतरवून घ्या. महाप्याच्या कंपनीचा ४१ वरून ६८ वर गेला होता, मधे एकदाच तीनने उतरला होता. वागळेचा ११२ वरून ९७ वर आला होता, जवळपास दर महिन्याला एकेक गळत. माणसं निवृत्त होतायत आणि जागा भरत नाहीत, असा त्याचा अर्थ निघाला. बुडत नाहीये, पण वाढतही नाहीये. भाच्याचे वडील हा कागद बघून जरा वेळ गप्प बसले.

एमसीएची नोंद. प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर मास्टर डेटा बघा. स्थापनेची तारीख, स्थिती ‘अ‍ॅक्टिव्ह’ आहे का, शेवटचा ताळेबंद कोणत्या वर्षाचा. दोन वर्षं ताळेबंदच भरलेला नसेल तर पुढे वाचायची गरज नाही.

लेटरहेड कोणाचं? ठाण्या-नवी मुंबईत हे फार चालतं. “महापालिकेत लागलो”, “मोठ्या बँकेत लागलो” म्हणतात आणि लेटर असतं कंत्राटदाराचं. नाव मोठ्याचं, पगार तिसऱ्याचा. मग स्थिरता मोजायची ती त्या तिसऱ्याची, आणि त्याचं कंत्राट कधी संपतंय त्याची. काम वाईट असतं असं नाही. पण सरकारी नोकरीची स्थिरता गृहीत धरून कमी पगार घ्यायचा आणि प्रत्यक्षात अकरा महिन्यांचं कंत्राट असायचं, हा दोन्हीकडून तोटा.

टपरीवर. दुपारी एक-दीडला ऑफिसजवळच्या चहाच्या टपरीवर उभं राहा. “कंपनी कशी आहे?” विचारलं तर “चांगली आहे” हेच ऐकू येणार. विचारायचं, “पगार किती तारखेला पडतो?” समोरचा झटकन “सात” म्हणाला तर ठीक. “तसा सातलाच असतो...” म्हणाला, तर पुढचा कटिंग तुमच्याकडून, आणि ऐकत बसा.

मुलाखत घेणाऱ्याला. ही जागा नवी आहे की कोणी गेल्यामुळे रिकामी झाली? गेला असेल तर किती दिवस होता? सगळ्यात मोठ्या क्लायंटचं काम कधीपर्यंत आहे? चांगला मॅनेजर या प्रश्नांनी चिडत नाही.

## ४. अस्थिरतेची किंमत रुपयांत काढा

“तिकडे रिस्क आहे” एवढ्यावर घरात तासन्‌तास वाद होतात. रिस्क म्हणजे किती, हे कोणी लिहीत नाही. लिहिता येतं.

समजा जास्त पगाराची नोकरी सुटली. तुमच्या कामात दुसरी मिळायला किती महिने लागतात? स्वतःचा अंदाज नको. गेल्या वर्षात नोकरी बदललेल्या तिघांना विचारा आणि मधला आकडा घ्या. भाच्याचा चार महिने आला. त्या चार महिन्यांत वागळेत मिळाला असता तो पगार बुडेल, ४६,२०० गुणिले ४, म्हणजे १,८४,८००.

आता विचारायचं, महाप्याला जास्तीचे पैसे मिळून हा खड्डा किती दिवसांत भरतो? नुसत्या ५,४५० च्या फरकाने ३४ महिने. निम्मं व्हेरिएबल मिळालं, म्हणजे महिन्याला आणखी ५,६२५, तर १७ महिने. त्यावर वर्षाअखेर ६०,००० चा बोनसही पडला तर बारा महिन्यांतच. पीएफमधला फरक धरलात तर हे सगळे आकडे आणखी लांबतात.

म्हणजे प्रश्न ‘पैसा की स्थैर्य’ असा राहत नाही. ही कंपनी निदान दीड वर्ष टिकेल आणि व्हेरिएबल देईल असं तिसऱ्या टप्प्यातल्या कागदांवरून वाटतं का, एवढाच उरतो. त्याचं उत्तर देता येतं.

थांबा, इथे एक नियम: पहिल्या टप्प्यातले तुमचे महिने नोकरी शोधायला लागणाऱ्या महिन्यांपेक्षा कमी असतील तर जास्तीचा पगार कितीही असो, आधी गंगाजळी वाढवा. त्या घरातला माणूस महिना-दोन महिन्यांनी मिळेल ती नोकरी घेतो आणि पुढची पाच वर्षं त्या पगारावरून भांडतो. भाचा काठावर होता, ३.९ महिने विरुद्ध चार.

दोन गोष्टी रुपयांत नीट बसत नाहीत. एक, कंपनीचा मेडिक्लेम. तो नोकरीबरोबर जातो. घरात साठीच्या पुढचं कोणी असेल तर स्वतःची पॉलिसी आजच सुरू करा, कारण नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. दुसरी, गृहकर्ज. घोडबंदरला किंवा दिव्याला फ्लॅट बघत असाल तर कर्जाची फाइल बँकेत असताना नोकरी बदलू नका. बँक पगाराच्या ताज्या स्लिपा मागते आणि प्रोबेशनवरच्या माणसाला हात आखडता घेते. आधी कर्जाचे पैसे पडू द्या, नाहीतर आधी नव्या नोकरीत कन्फर्म व्हा.

## ५. एकदा जाऊन बघा

रविवारी बाइकवरून नको. मंगळवार-बुधवारी, ऑफिसच्या वेळेला, लोकलने. कळव्याहून महापे म्हणजे ठाण्याला उतरून नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मकडे पूल चढणं, ट्रान्सहार्बरने घणसोली किंवा कोपरखैरणे, पुढे बस किंवा रिक्षा. भाच्याला जाताना सव्वा तास लागला, वागळेला चाळीस मिनिटं. खर्चात फारसा फरक पडला नाही. परतीचा प्रवासही संध्याकाळी करा. रात्रीची शिफ्ट असेल तर शेवटची गाडी कितीची आणि कंपनीची गाडी घरापर्यंत सोडते की नुसती स्टेशनपर्यंत, हे लेखी घ्या. बाइकवाल्यांनी पावसाळ्यात विटाव्याच्या पुलाखाली साचणारं पाणी विसरू नये.

## ६. मागणी करा, मग लेटर वाचा

आकडे हातात आले की घासाघीस सोपी होते. “पगार वाढवा” म्हणायचं नाही. कुठला पैसा कुठे हलवायचा ते सांगायचं. भाच्याने महाप्याला मेल केला की एकूण सीटीसी तीच ठेवा, पण रिटेन्शन बोनस दर महिन्याच्या पगारात आणा. त्यांनी ६०,००० पैकी ३६,००० आणले. महिन्याला तीन हजार वाढले, फरक ८,४५० झाला आणि व्हेरिएबल न धरताही ३४ महिन्यांचे २२ झाले. कंपनीला एक रुपया जास्त लागला नाही.

दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर मात्र कुणाला पाठवू नका. आकडा सांगा, कागद नको.

सुधारलेलं लेटर आलं की सही करण्याआधी ही कलमं बोट ठेवून वाचा. नोटीस पिरियड दोन्हीकडून सारखा आहे का (तुमच्याकडून ९० दिवस आणि त्यांच्याकडून ३०, असं सर्रास असतं)? प्रोबेशन किती आणि त्यात नोटीस किती? बदली “कंपनीच्या कोणत्याही ठिकाणी” आहे का? जॉइनिंग बोनस किती महिन्यांत सोडलं तर परत करायचा?

बाँड असेल तर “कोर्टात टिकत नाही” या ऐकीव माहितीवर सही करू नका. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करायलाच बंदी घालणारं कलम करार कायद्याच्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही, हे खरं. पण ठराविक काळ न थांबल्यास पैसे भरायचा बाँड वेगळा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी सोडल्यास दोन लाख भरायची अट वैध ठरवली. रक्कम आणि मुदत बघा, आणि ती रक्कम चौथ्या टप्प्यातल्या खड्ड्यात मिळवा.

## ७. पेपर सगळ्यात शेवटी

हे मी स्वतः भोगलंय. बारा वर्षांपूर्वी एका कंपनीच्या एचआरने फोनवर सांगितलं, “मॅडम, ऑफर फायनल आहे, तुम्ही पेपर टाका, लेटर सोमवारी येईल.” मी शुक्रवारी पेपर टाकले. सोमवारी ती जागा ‘होल्ड’वर गेली. अडीच महिने घरी होते. सासूबाईंना रोज सांगायचे, सुट्ट्या उरल्या होत्या त्या घेतेय. त्यांनी कधी उलट विचारलं नाही, पण भाजी आणायला पैसे मात्र त्याच द्यायला लागल्या.

म्हणून क्रम असा: कंपनीच्या मेल आयडीवरून आलेलं, पगाराच्या ब्रेकअपसकट सहीचं लेटर. तुमचा लेखी होकार. त्यांची लेखी पोच. बॅकग्राउंड तपासणीला कागद दिले असतील तर ती पूर्ण झाल्याचा मेल. मग राजीनामा, तोही मेलवर, तारीख घालून.

जुन्या कंपनीने “थांब, आम्हीही वाढवतो” म्हटलं तर मी सहसा नको म्हणते. पैसे होते तर तुम्ही दारात जाईपर्यंत का दिले नाहीत? पण हप्ता आणि आजारपण एकदम असेल तर लेखी घेऊन थांबायलाही माझी हरकत नाही.

नाकारायच्या कंपनीला होकार दिल्याच्या दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा मेल टाका. दोन्हीकडे हो म्हणून जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद ठेवणारे खूप आहेत. एचआरवाले एकमेकांना ओळखतात, आणि पुढच्या वेळी तुमचं नाव त्यांना आठवतं.

तपासा: जुन्या ऑफिसचा मेल बंद होण्याआधी शेवटच्या तीन स्लिपा स्वतःच्या मेलवर घ्या. रिलीव्हिंग लेटर आणि पगारावरच्या टीडीएसचं सर्टिफिकेट नंतर येऊ शकतं, त्यासाठी एचआरला स्वतःचा मेल आयडी देऊन ठेवा.

## ८. रुजू झाल्यावर तीन महिने

जुना यूएएनच (पीएफचा कायमचा नंबर) द्या, नवा काढू देऊ नका. जुना पीएफ काढायचा नाही, ट्रान्सफर करायचा. पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर लागू शकतो, आणि पेन्शनचा भागही काढून घेतला तर पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षांची नोकरीही तुटते. पहिली स्लिप ब्रेकअपशी ताडून बघा. दर महिन्याच्या वीस तारखेला पीएफचं पासबुक उघडा.

मी असते तर वागळे इस्टेट घेतलं असतं, हे भाच्याला सांगितलं. त्याने महापे घेतलं. त्याच्या बायकोला त्याच आठवड्यात ऐरोलीला नोकरी लागली आणि ३.९ चे सात महिने झाले, तेव्हा मलाही फार बोलता येईना. मागच्या वीस तारखेला त्याने पासबुकाचा स्क्रीनशॉट पाठवला. १,८०० आणि १,८००, भरल्याची तारीख १२. खाली लिहिलं होतं, “मावशी, बरोबर आहे ना?” बरोबर होतं.